चाबुकस्वाराच्या हातात चाबूक होता का?

समजा, पीएचडीसाठी तुम्ही 'पूर्वी घोडा कसा शिकवत' हा विषय घेतलात. नाशिककराला तो सुचणं साहजिक आहे. येवल्याचा घोडेबाजार जवळच, आणि शहरातल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये मुलं आजही घोडेस्वारी शिकतात.

जुने कागद चाळताना शब्द भेटतो 'चाबुकस्वार', म्हणजे घोडा शिकवून तयार करणारा. लगेच डोळ्यांपुढे चाबूक येतो आणि आपण लिहून मोकळे होतो: घोडे मारून शिकवत.

इथे जरा थांबा. शब्द फारसीतून आलाय. फारसीत 'चाबुक' म्हणजे चपळ, तरतरीत. चाबूक हाही त्याचा अर्थ आहे, पण 'चाबुकस्वार' म्हणजे तरबेज स्वार. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या 'आईन-ए-अकबरी'त शाही तबेल्यातल्या नोकरांची यादी आहे. त्यात चाबुकस्वाराचं काम घोड्यावर बसून त्याचा वेग पाहणं, आणि मुश्रीफाने त्याची नोंद ठेवायची. मारण्याचा उल्लेखच नाही.

मग 'घोडे प्रेमाने शिकवत' असं लिहायचं का? तेही नाही! शब्दाच्या व्युत्पत्तीवरून माणसाचं काम कळेल, पद्धत कळणार नाही. पद्धतीसाठी पद्धतीचाच पुरावा लागतो.

तो थोडा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मिळतो. अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्याच्या चाली सांगितल्यात. त्यातली 'नारोष्ट्र' म्हणजे खुणेला प्रतिसाद देणं. आता विचार करा, खूण शिकवायची तर तीच खूण रोज तशीच द्यावी लागते. नुसत्या माराने घोडा पळेल, पण कुठल्या खुणेला काय करायचं हे त्याला कसं कळणार? म्हणजे इथे धीर गृहीतच आहे. ग्रीक लेखक झेनोफोनने तर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात स्पष्टच बजावलं की रागाच्या भरात घोड्याशी वागू नये, आणि सांगितलेलं केलं की त्याला आराम द्यावा.

पण हे दोन्ही ग्रंथ 'कसं असावं' ते सांगतात, 'कसं होतं' ते नाही. उलट रागावू नका असं बजावावं लागलं, यावरून रागावणारेही होते असा अंदाज बांधता येतो. एकाच वाक्यातून आदर्शही दिसतो आणि तक्रारही. असं वाचणं हीच खरी सवय.

तेव्हा कुठलाही स्रोत हातात घेतला की वहीत तीन रकाने पाडा: शब्द काय सांगतो, नियम काय सांगतो, प्रत्यक्ष घडलेलं काय दिसतं. तिसरा रकाना बराच काळ रिकामा राहील. राहू द्या. घाईने भरलेल्या रकान्यापेक्षा तो बरा. आणि मराठीत 'चाबूक' आहे तसंच 'चुचकारणं'ही आहे, हेही पहिल्या रकान्यात टिपून ठेवा.