बोनस, बांबू आणि तीळ: घोडपदेवच्या पोरांची थंडी

आज एका तारखेपासून सुरुवात करू. १८ जानेवारी १९८२, सोमवार. मुंबईच्या कापड गिरण्यांमधला तो मोठा संप या दिवशी सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते, साठच्या आसपास गिरण्या आणि अडीच लाखांच्या घरात कामगार. हा संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. हे बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं.

आता कॅलेंडरवर चार दिवस मागे या. १४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत. त्या दिवशी गिरणगावात घरोघरी तिळगूळ वाटला गेला आणि पुढच्या सोमवारी भोंग्याला कोणी आत गेलं नाही. आजचा भाग या दोन दिवसांच्या मधल्या जागेबद्दल आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत इथली पोरं हातानं काय काय बनवायची, त्याला पैसा कुठून यायचा, आणि त्यातलं आज तुम्ही घरच्या लहान मुलांना घेऊन काय करू शकता, हे बघू.

आधी जागा समजून घ्या. घोडपदेव म्हणजे भायखळ्याच्या पूर्वेकडचा भाग. एका अंगाला काळाचौकी, दुसऱ्या अंगाला रे रोड आणि कॉटन ग्रीन, खाली माझगाव. म्हणजे गिरणी आणि गोदी यांच्या बरोबर मध्ये. काळाचौकीला इंडिया युनायटेडच्या गिरण्या, कॉटन ग्रीनला कापसाची गोदामं. मुंबईची पहिली विजेवरची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, ती याच हार्बर मार्गानं, रे रोड आणि कॉटन ग्रीनवरून. इथं राहणारी माणसं कोकणातून आणि घाटावरून आलेली. नोकरी मुंबईत, शेत गावाला. सणांच्या रीती त्यांनी गावाहूनच आणल्या, फक्त त्या चाळीच्या मापात बसवल्या.

बोनस आला की दिवाळी

किल्ला, कंदील, फराळ या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे: बोनस.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी भरपूर नफा कमावला आणि त्यातला थोडा वाटा बोनस म्हणून कामगारांना मिळू लागला. काही वर्षं तो मिळत राहिला. मग मालकांनी १९२३ सालचा बोनस नाकारला. त्यावरून जानेवारी १९२४ मध्ये संप झाला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो मार्चपर्यंत चालला. मालकांचं म्हणणं होतं की बोनस ही खुशी आहे, दिली तर दिली. कामगारांचं म्हणणं होतं की हा आमच्याच घामाचा राहिलेला पगार आहे. हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. अखेर १९६५ साली बोनसचा कायदा झाला. त्यात नंतर किमान बोनस ८.३३ टक्के ठरला. हा आकडा विचित्र वाटतो ना? शंभराला बारानं भागा. वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. कमाल मर्यादा २० टक्के.

हा तेरावा पगार दिवाळीच्या तोंडावर हातात पडायचा. त्यातून उधारी फिटायची, गावाला मनीऑर्डर जायची, पोरांना कपडे व्हायचे. जे उरेल त्यात सण. म्हणून ज्या वस्तू हातानं होतील त्या विकत आणायच्या नाहीत, हा साधा हिशेब होता. कोणी त्याला हस्तकला म्हणत नव्हतं.

१९८१ च्या दिवाळीआधी गिरण्यांमध्ये खदखद सुरू झाली ती बोनसच्याच टक्क्यांवरून. मान्यताप्राप्त युनियननं केलेला करार कामगारांना मान्य नव्हता. त्यातूनच बरेचसे कामगार दत्ता सामंतांकडे गेले आणि गोष्ट जानेवारीपर्यंत पोचली. म्हणजे या संपाची वात दिवाळीलाच पेटली होती.

चोवीस कामट्यांचा कंदील

चाळीतला जुना कंदील आठवतोय? बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खाली झिरमिळ्या. त्याची भूमिती कमाल सोपी आहे. कुठलंही माप घ्या, पण एकसारख्या लांबीच्या चोवीस कामट्या हव्यात. पहिल्यांदा करत असाल तर वीतभर लांबी बरी.

सोळा कामट्यांचे चार चौकोन बांधा. प्रत्येक चौकोन टोकावर उभा करा, पतंगासारखा. आता हे चार पतंग गोलात उभे करून शेजारच्या कोपऱ्याला कोपरा दोऱ्यानं बांधा. वरची चार टोकं चार कामट्यांनी जोडा, खालची चार टोकं उरलेल्या चार कामट्यांनी. झाला सांगाडा. मोजून बघा, चार उभे चौकोन आणि आठ त्रिकोण दिसतील. या बारा जागांवर कागद चिकटवायचा, वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा. चिकटवायला मैद्याची खळ: दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, मंद आचेवर ढवळत घट्ट करा, गार होऊ द्या.

कामट्या मोठ्यांनी तासून द्या, फासा लागतात. गाठी आणि कागद मुलांना करू द्या. कागद लावताना ताणून लावायचा. सैल राहिला तर वाऱ्यानं फाटतो. पूर्वी आत पणती असायची, नंतर बल्ब आला. तुम्ही एलईडी वापरा, कागद तापत नाही.

बांबू मिळाला नाही तर जुन्या लग्नपत्रिका चालतात. पत्रिका मध्ये दुमडायची, घडीच्या बाजूनं एकेका बोटावर काप द्यायचे, कडा मात्र कापायच्या नाहीत. उघडून नळकांडं करून चिकटवायची. पाच वर्षांचं पोरही करू शकतं. आणि हातानं केलेले कंदील बघायचे असतील तर दिवाळीआधी माहीमच्या कंदील गल्लीत चक्कर मारा.

किल्ला: गोणपाट, माती, अळीव

किल्ल्याला पैसा जवळजवळ लागत नाही, जागा लागते. खाली दगड-विटांचा ढीग, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप. गोणपाट या भागात मिळणं अवघड नव्हतं, कापसाच्या गाठी त्यातच बांधलेल्या असायच्या. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची, रोज हातानं पाणी शिंपडायचं. अळीव तीन-चार दिवसांत हिरवं दिसतं, म्हणून वसुबारसेच्या आदल्या दिवशी तरी पेरणी झाली पाहिजे. वर महाराजांची मूर्ती, पायथ्याला मावळे.

तुमच्या मुलांना मनातला कुठलातरी किल्ला करायला सांगण्यापेक्षा एक खरा किल्ला निवडू द्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. राजगडाच्या तीन माच्या मातीत काढताना पोरं जेवढं शिकतात तेवढं पुस्तकातून शिकत नाहीत. सिंधुदुर्ग करायचा असेल तर परातीत पाणी भरा आणि मध्ये तट उभा करा. फ्लॅटच्या बाल्कनीत हाच बरा.

गंमत बघा. घोडपदेवपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर भायखळ्याचं ग्लोरिया चर्च आहे. आत्ताची इमारत १९११ ते १९१३ मधली, पण या चर्चचा इतिहास पोर्तुगीज काळातल्या माझगावपर्यंत मागे जातो. तिथून पुढे माझगावात माथारपाखाडी, ईस्ट इंडियन वस्ती. तिथली मुलं नाताळात काय करतात? येशूच्या जन्माचा गोठा. त्यातही माती, दगड, आणि आधी पेरून उगवलेलं कोवळं गवत. बांबू आणि कागद तेच, फक्त कंदिलाच्या जागी चांदणी. आपली करंजी तिथं नेवरी होते. शिवाय कलकल: गोड कणकेची छोटी गोळी काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची आणि तळायची. तळण मोठ्यांचं, गुंडाळणं पोरांचं. एका मैलाच्या आत दोन धर्मांची मुलं दीड महिन्याच्या अंतरानं जवळपास एकच काम करत होती.

तीळ, गूळ आणि काटा

आता संक्रांत. हलवा म्हणजे तिळावर किंवा खसखशीवर चढवलेला साखरेचा पाक. परातीखाली मंद निखारे, चमच्यानं थेंबभर पाक टाकायचा, बोटांनी फिरवत राहायचं, तो सुकला की पुढचा थेंब. याला दिवस लागतात. दाण्याला काटा फुटायला हवा कोरडी आणि गार लागते, दमट हवेत पाक चिकट राहतो. मुंबईत म्हणूनच हलवा पहाटे करायचा. आपल्या शहराची थंडी ती केवढी! सांताक्रूझला आजवरचं सगळ्यांत कमी तापमान नोंदलं गेलं ते २२ जानेवारी १९६२ ला, ७.४ अंश. अशी पहाट पुन्हा आली नाही.

हा हलवा दोऱ्यात ओवून नव्या सुनेचे दागिने होतात, आणि लहान बाळाच्या बोरन्हाणात बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे यांच्याबरोबर तो डोक्यावरून ओतला जातो. घरी हलवा करण्याची चिकाटी नसेल तर विकतचा आणा आणि मुलांना दागिने करू द्या: पुठ्ठ्याचा मुकुट, खळ, वर हलव्याच्या ओळी.

आणि हे लाडू तर विस्तवाशिवाय होतात. मोठ्यांनी पाव किलो तीळ खमंग भाजून द्यावेत, वाटीभर शेंगदाणेही. गार झाल्यावर दोन्ही जाडसर कुटा. त्यात पाव किलो साधा मऊ गूळ किसून घाला, वेलदोड्याची पूड टाका आणि मुलांना हातानं मळू द्या. तिळाचं तेल सुटतं, गूळ मऊ होतो, लाडू वळले जातात. पाकाचे करायचे असतील तर चिकीचा गूळ घ्या, आणि पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर गोळी झाली की गॅस बंद. पण त्या पातेल्याजवळ मुलांना येऊ देऊ नका, पाकाचा चटका पाण्यापेक्षा वाईट.

हे सगळं कोण करायचं?

इथं जरा थांबू. चाळीच्या आठवणी सांगताना "आम्ही पोरं" म्हटलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ मुलगे असा असतो. किल्ल्यावर मुलगे, आणि त्याच वेळी मुली आत चकल्या पाडायला, करंज्यांच्या कडा कातायला. तेही हातकामच होतं, फक्त ते बघायला कोणी यायचं नाही. पुढे संपात जेव्हा पगार थांबला, तेव्हा बऱ्याच घरांना याच स्वयंपाकाच्या हातानं तगवलं. गिरणगावातल्या बायका आधीपासून एकट्या कामगारांसाठी खाणावळी चालवत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. तेव्हा तुमच्या घरी किल्ला मुलीला करू द्या आणि लाडू मुलाला वळू द्या.

१९८२ ची दिवाळी आली तेव्हा संपाला दहा महिने होत आले होते. पगार नाही, म्हणून बोनसही नाही. पुष्कळ कुटुंबं तोवर गावाला गेली होती. दगड, माती, गोणपाट मात्र अजूनही फुकट होतं.

सरकारी शिध्याचा धागाही असाच लांब आहे. रेशनवर सणाला जादा साखर मिळायची, हे घरातल्या आजीला विचारा. आणि २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनं 'आनंदाचा शिधा' दिला तो शंभर रुपयांत: रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. बोनस गेल्यावर फराळाचा प्रश्न सुटला नव्हता, हेच त्यातून दिसतं.

शेवटचा मुद्दा जागेचा. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत बांबू पसरता येत नाही, चिखल तर नाहीच. म्हणून काम गॅलरीत, जिन्यात, चौकात यायचं, आणि बाहेर आलं की ते सगळ्यांचं व्हायचं. एकाकडे कात्री, दुसऱ्याकडे कागद, तिसऱ्याचा दादा गाठी मारण्यात पटाईत. आता पुनर्विकासात त्या १६० च्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. ते मिळायलाच हवं. सार्वजनिक संडासासमोर रांग लावलेल्या माणसाला चाळीचं कौतुक सांगू नये. पण टॉवरच्या आराखड्यात गाड्यांना जागा ठरलेली असते, मातीला नसते. तुमच्या सोसायटीची पुनर्विकासाची मीटिंग लागली असेल, तर पार्किंगच्या प्रश्नानंतर हात वर करा आणि विचारा: पोरांनी दिवाळीत किल्ला कुठं करायचा?

उत्तर काय मिळालं ते आम्हाला व्हॉइस मेसेज करून सांगा. चोवीस कामट्यांचा कंदील जमला तर फोटोही पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा.