तळणीचे ग्रहण आणि वऱ्हाडचे आकाश



या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा एका स्नेह्यांनी मला अडविले आणि म्हणाले, "इतिहास राहू द्या हो. अमरावतीहून किंवा अकोल्याहून रात्री तारे पाहावयाचे तर जावे कुठे, तेवढे सांगा!" प्रश्न मोठा व्यवहारी आहे आणि त्याचे उत्तर मी देणारही आहे. पण आकाश पाहण्यासाठी योग्य जागा कोणती, हा प्रश्न या वऱ्हाडच्या मातीवर दोनशे वर्षांत निदान दोनदा फार गांभीर्याने विचारला गेला आहे. तो विचारणारी माणसे सातासमुद्रांपलीकडून आली होती, आणि आपणा वऱ्हाडकरांना त्याची फारशी वार्ता नाही. म्हणून आधी ती हकीकत.

त्याही आधी एका घराण्याचे नाव घेतले पाहिजे. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, प्रदेशात पयोष्णीच्या काठी दधिग्राम नावाचे गाव होते. तेथील एका ज्योतिषी कुळाची माहिती शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात दिली आहे. या कुळातील बल्लाळ काशीस गेले. त्यांचे पुत्र कृष्ण दैवज्ञ यांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली. जहांगीर बादशहाच्या दरबारी त्यांना मान होता, आणि खानखानान अब्दुर्रहीम याची कुंडली त्यांनी जातकग्रंथावरील टीकेत उदाहरण म्हणून सोडवून दाखविली. दुसरे पुत्र रंगनाथ यांनी १६०३ साली सूर्यसिद्धांतावर 'गूढार्थप्रकाश' लिहिला, आणि रंगनाथांचे पुत्र मुनीश्वर यांनी पुढे 'सिद्धान्तसार्वभौम' रचला. तीन पिढ्यांची ही विद्वत्ता वऱ्हाडच्या बीजाची. पण ती फळाला आली गंगेच्या काठी. राजाश्रय आणि पाठशाळा जिकडे, तिकडे विद्या जाते. आकाश काय, सर्वत्र सारखेच! असे वाटत असेल, तर पुढची गोष्ट ऐका.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्नल विल्यम लॅम्बटन याने दक्षिणेकडून पृथ्वीचे माप घेत घेत उत्तरेकडे येण्याचा उद्योग मांडला होता. एका रेखांशाच्या आसपास त्रिकोणांची साखळी रचायची, मधून मधून सपाट जमिनीवर एक पायारेषा साखळ्यांनी प्रत्यक्ष मोजायची, आणि काही ठिकाणी डोक्यावरून जाणारे तारे पाहून त्या जागेचा अक्षांश काढायचा, अशी ही पद्धत. ही साखळी हैदराबादकडून वऱ्हाडात आली तेव्हा लॅम्बटन थकला होता. नागपूरकडे जात असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे तो वारला. त्याच्या अखेरच्या काळात वऱ्हाडात जी पायारेषा मोजली गेली, ती साहेबांच्या कागदांत 'ताकल खेरा' या नावाने आहे. हे आपले टाकरखेडे असावे; मात्र अमरावती जिल्ह्यात टाकरखेडे एक नाही, अनेक आहेत. एवरेस्टने १८३० साली छापलेल्या ग्रंथात दक्षिणेस १८ अंश ३ कला अक्षांशापासून उत्तरेस २४ अंश ७ कलांपर्यंतच्या कमानीचा हिशेब आहे, आणि त्या कमानीच्या जवळजवळ मध्यावर हे वऱ्हाडचे ठाणे येते.

या जागेची मौज अशी की, पायारेषेला जी उत्तम, ती ताऱ्यांना अडचणीची ठरली. पूर्णेच्या खोऱ्यासारखी सपाटी साखळी पसरायला दुसरी मिळणार नाही. परंतु तारा नेमका डोक्यावर कधी आला हे ठरविण्यास ओळंबा लागतो, आणि ओळंबा सरळ खाली लोंबतो हे आपले गृहीत असते. उत्तरेस सातपुड्याचा प्रचंड डोंगरराशी उभा असेल तर तो ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतो. हे ओढणे काही विकलांचे. पण जेथे सारा हिशेबच विकलांचा, तेथे त्याचा विचार करावाच लागतो, आणि तो एवरेस्टला करावा लागला. गाविलगडच्या डोंगराने साहेबांच्या ओळंब्याला हात लावला, ही कल्पना मला स्वतःला फार आवडते. पुढे हिमालयाच्या पायथ्याशी हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आणि त्यातून पर्वतांच्या मुळांविषयीचे एक नवे शास्त्र निघाले.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येतो. शनिवार, ता. २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरून ईशान्येस बिहारपर्यंत गेली. अमरावतीने महिन्याभरापूर्वीच, डिसेंबर १८९७ च्या अखेरीस, राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरविले होते. शंकरन् नायर अध्यक्ष होते, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते, आणि लोकमान्य टिळक तुरुंगात होते. दुष्काळ नुकताच सरला होता, मुंबई-पुण्यात प्लेग होता. अशा त्या हिवाळ्यात आगगाडीने दुर्बिणी आणि कॅमेरे यांच्या पेट्या घेऊन काही मंडळी धामणगावच्या पुढे तळणी या लहानशा स्टेशनावर उतरली.

तळणीच का? आकाश पाहण्याच्या जागेची निवड कशी करतात, याचा हा वस्तुपाठ आहे. ही मंडळी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची होती. ही संस्था १८९० साली निघालेली, पुष्कळशी हौशी लोकांची. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट १८९६ मध्ये, हेच लोक ग्रहणासाठी नॉर्वेच्या उत्तर टोकाला, वाद्सो येथे, जहाजाने गेले होते. तेथे ढगांनी सूर्य झाकला आणि सारा प्रवास फुकट गेला. तेव्हा या खेपेस पहिली अट निरभ्र आकाशाची. जानेवारीत वऱ्हाडचे आकाश कसे असते, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. दुसरी अट आगगाडीची. १८६७ साली नागपूरपर्यंत पोचलेली जी. आय. पी. ची लाइन आणि छायेची मध्यरेषा यांची गाठ नेमकी वर्धा नदीच्या परिसरात पडत होती. अकोला खग्रासाच्या पट्ट्याबाहेर राहिले, आणि अमरावती मध्यरेषेपासून दूर. आणि तिसरी खबरदारी म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत न ठेवण्याची. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल आणि पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला, केंब्रिजचे न्यूअल आणि कॅप्टन हिल्स वर्धेच्या पलीकडे पुलगावला, कोणी बक्सरला. एका ठिकाणी ढग आले तरी दुसरीकडे काही हाती लागेल. त्या दिवशी ढग कोठेच आड आले नाहीत.

तळणीच्या मंडळींत ग्रिनिचचे वॉल्टर माँडर होते, आणि त्यांच्या पत्नी ॲनी होत्या. या बाईंची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या गणिताच्या परीक्षेत मानाने उत्तीर्ण झाल्या. पण त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवी देत नसे. १८९१ साली ग्रिनिचच्या वेधशाळेत दरमहा चार पौंडांवर गणनेचे काम पत्करले, आणि १८९५ साली विवाह होताच नियमाप्रमाणे ती नोकरी सोडावी लागली. म्हणजे तळणीस आल्या तेव्हा त्यांच्याजवळ ना पदवी होती ना पगार होता. गर्टन कॉलेजने दिलेल्या मदतीतून मिळविलेला एक लहान कॅमेरा मात्र होता; त्याचे भिंग अवघे दीड इंच व्यासाचे. मोठ्या दुर्बिणी सूर्यबिंबाच्या अगदी काठचा भाग मोठा करून दाखवीत. बाईंचा विचार उलटा होता: सूर्याचा किरीट बाहेर किती दूर पसरला आहे हे टिपावयाचे, तर दृश्य विस्तृत हवे आणि भिंग प्रकाश भराभर घेणारे हवे.

खग्रास जवळजवळ दोन मिनिटांचे होते. या दोन मिनिटांसाठी महिन्याभराचा समुद्रप्रवास! आसपासच्या गावांत तेव्हा लोक वेध पाळून बसले असतील, आणि पुष्कळांनी वर्धेचा काठ गाठला असेल. दोन्ही पक्ष आपापल्या परीने त्या क्षणाची कदरच करीत होते. बाईंच्या काचेवर जे उमटले, त्यात सूर्यापासून निघालेला एक किरण सुमारे साठ लाख मैल दूर पसरलेला दिसला. किरीटाचा इतका लांब किरण तोवर कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. दीड इंचाचे भिंग, आणि कापसाच्या मुलखातील कोरडी, स्वच्छ हवा!

त्याच तळावर जॉन एव्हरशेड नावाचे एक हौशी संशोधक वर्णपट घेत होते. हेही वाद्सोला ढगांनी फसविलेल्यांपैकीच. सूर्याची कडा झाकली जाताना क्षणभर चमकणारा वर्णपट त्यांनी तळणीस टिपला, आणि त्यात हायड्रोजनचा जंबुपार भागातील अखंड पट्टा नोंदविला. पुढे १९०७ साली ते कोडाईकनालच्या वेधशाळेत आले आणि जानेवारी १९०९ मध्ये सूर्यावरील डागांतून वायू बाहेरच्या दिशेने कसा वाहतो हे त्यांनी दाखविले. तो परिणाम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. नायगमवालांच्या पुण्याच्या वेधशाळेची मोठी दुर्बीणही ती वेधशाळा १९१२ साली बंद झाल्यावर कोडाईकनाललाच गेली. आपल्याकडची साधने डोंगरावर गेली याचे वाईट वाटते, पण निवड चूक होती असे म्हणवत नाही.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर. आमच्या लहानपणी अंगणात बाज टाकून झोपणाऱ्या कोणालाही म्हातारीची खाट आणि तीन चोर ओळखता येत, तिकांडे मावळताना दिसे. आज अमरावतीच्या राजकमल चौकात उभे राहून वर पाहिले तर पाच-दहा तारे दिसतील. गावाबाहेर जावे तर कोणत्या बाजूस? पुष्कळजण लगेच चिखलदरा म्हणतील. उंची उत्तम, हवा स्वच्छ, मेळघाटचे जंगल उत्तरेस पसरलेले. पण तेथे दक्षिणेकडे पाहिले की परतवाडा-अचलपूरचे आणि त्यामागे अमरावतीचे दिवे क्षितिजावर धूसर उजेड पसरतात. उत्तरेचे तारे पाहण्यास चिखलदरा, दक्षिणेचे पाहण्यास नव्हे. अकोल्याकरांना नरनाळा आठवेल. तो किल्ला अभयारण्यात आहे, आणि रात्री तेथे आपल्या मर्जीने राहता येत नाही. दक्षिणेच्या ताऱ्यांसाठी शहर पाठीमागे राहील असे ठिकाण हवे: अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरकडे, अकोल्याहून पातूरकडे, मोठ्या रस्त्यापासून दोन-तीन मैल आत, ओळखीच्या माणसाच्या शेतात. तुरीचे पीक उभे नसावे, नाहीतर क्षितिजच झाकते.

ऋतूचाही विचार हवा. वसंतातली व्याख्याने चांगली, आकाश नव्हे. चैत्र-वैशाखात धूळ उडते आणि धुऱ्यांवर काडीकचरा जळत असतो. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ उत्तम, आणि त्यातही अमावास्येच्या आजूबाजूचे चार-पाच दिवस. अमरावतीचा अक्षांश सुमारे २१ अंश. म्हणून ध्रुव उत्तरेस २१ अंशांवर असतो आणि अगस्त्य दक्षिणेस जास्तीत जास्त १६ अंशांपर्यंत चढतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीस रात्री दहाच्या आत तो तेथे दिसला आणि मंद न होता चमकला, तर जागा चांगली समजावी.

शेजारच्या नागपूर जिल्ह्यात याहून पुढचे पाऊल पडले आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभरावर रस्त्यांचे दिवे बदलून खाली तोंड केलेले दिवे बसविले, आणि वाघोड्याजवळ दुर्बिणीची जागा केली. दिवे विझविले नाहीत, केवळ त्यांची तोंडे जमिनीकडे वळविली. मेळघाटच्या गावांतही हे करता येईल.

वैशाखात जे कोणी रात्री दहाच्या सुमारास मोकळ्या शेतात जातील, त्यांनी दक्षिणेस अगदी खाली, क्षितिजापासून जेमतेम सहा ते बारा अंशांवर, चार ताऱ्यांचा त्रिशंकू पाहावा. इंग्लंडातून तो मुळीच दिसत नाही. धूळ खाली बसलेली असावी लागते. वळवाचा पाऊस पडून गेल्यानंतरची दुसरी रात्र त्यासाठी सर्वांत बरी.