कारवान हाउंड घरी आणताना

सांगली, सोलापूर, लातूर, नांदेड आणि सीमेपलीकडचे विजापूर-बागलकोट हा सारा कोरडवाहू टापू पिढ्यान्‌पिढ्या 'कारवान' कुत्र्याचा. निमुळते लांब तोंड, खोल छाती, आत खेचलेले पोट, काटक्यांसारखे वाटणारे पण विलक्षण ताकदीचे पाय, असा हा कुत्रा शेतावरच्या वस्तीवर, खळ्यापाशी किंवा बैलगाडीच्या सावलीत दिसतो. अलीकडे तो पुण्या-मुंबईच्या सदनिकांतही दिसू लागला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात'मधून देशी जातींचे कुत्रे पाळण्याचे आवाहन केले. त्यात मुधोळ हाउंडचा उल्लेख होता. तेव्हापासून शहरी श्वानप्रेमींचे या जातीकडे विशेष लक्ष गेले आहे.

देशी जातीला असे दिवस येणे ही समाधानाचीच बाब. तथापि लॅब्रॅडॉर किंवा अल्सेशियन पाळण्याचा अनुभव गाठीशी बांधून जे कारवान आणतात, त्यांची व कुत्र्याचीही अनेकदा निराशा होते. दोन महिन्यांचे पिल्लू सर्वांनाच आवडते. ते आठ-दहा महिन्यांचे होऊन बाल्कनीचा कठडा ओलांडू लागले, शेजारच्या मांजरामागे धावू लागले, की साखळी येते. मग दिवसभर साखळीला बांधलेला, हळूहळू चिडका व भित्रा होत गेलेला कुत्रा आणि त्याला कोणी नेईल का याची चौकशी करणारे कुटुंब, अशी अवस्था होते. दोष जातीचा नसतो. या कुत्र्याची घडण कशासाठी झाली, हे घेण्यापूर्वी जाणून न घेतल्याचा तो परिणाम असतो.

एक कुत्रा, अनेक नावे

कारवान, करवानी, मुधोळ हाउंड ही नावे ऐकून नवखा माणूस गोंधळतो. मध्य आशिया, अफगाणिस्तान, इराण या भागांतून दख्खनमध्ये येणाऱ्या व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, हे कुत्रे आले व तेच नाव त्यांना चिकटले, असे परंपरेने मानले जाते. सलुकी, ताझी या तिकडच्या शिकारी कुत्र्यांशी असलेले त्यांचे साम्य पाहता हे पटण्याजोगे आहे. कान, शेपटी व पाय यांवर रेशमी झालर असणाऱ्या प्रकाराला 'पश्मी' म्हणतात.

मुधोळ हे नाव संस्थानामुळे आले. घोरपडे घराण्याचे हे मराठा संस्थान आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात असले, तरी विलीनीकरणानंतर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. मुधोळचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास नेटाने सुरू केली आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना त्यांची जोडी भेट दिली. त्यानंतर 'मुधोळचे हाउंड' ही ओळख रूढ झाली. शिवछत्रपतींच्या सैन्यातही हे कुत्रे होते असे सांगितले जाते, परंतु ते आख्यायिका म्हणून घेतलेले बरे.

९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने भारतीय श्वानांवरील चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंडला स्थान मिळाले. २०१६ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेण्यात आली. धावपट्टीवरील पक्षी पळवून लावण्याच्या कामासाठी हवाई दलाच्या आग्रा येथील तळावरही २०२१ मध्ये काही कुत्रे पाठविण्यात आले. करनाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीत नोंद झालेल्या मोजक्या श्वानजातींत तिचा समावेश आहे. हा सारा गौरव वाचून पिल्लू घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की लष्करातील कुत्र्याला दिवसभर काम असते आणि एक माणूस केवळ त्याच्यासाठी नेमलेला असतो.

नाक नव्हे, डोळा

हाउंड म्हणजे शिकारी कुत्रा. पण त्यांतही दोन घराणी आहेत. बीगलसारखे कुत्रे जमिनीला नाक लावून माग काढतात. कारवान हा डोळ्याने शिकार करणारा. उघड्या माळावर दूरवर ससा हलला की तो त्याला दिसतो, आणि दिसला की पाय सुटतात. पूर्ण वेगात धावताना याच्या प्रत्येक झेपेत चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटलेले असतात. कणा धनुष्यासारखा वाकतो आणि ताणतो. दम टिकविण्यासाठी छातीचा पिंजरा खोल असतो.

घरात पाळताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या एकाच गोष्टीतून निघतात. पळणारी वस्तू पाहिली की पाठलाग करणे ही त्याची खोडी नसून वृत्ती आहे. मांजर, कोंबडी, शेळीचे करडू, सायकलवरचा मुलगा यांपैकी काहीही चालते. पाठलाग सुरू झाल्यावर मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही, म्हणून वर्दळीच्या रस्त्यावर किंवा कुंपण नसलेल्या मैदानात त्याला मोकळे सोडणे म्हणजे वाहनाखाली ढकलण्यासारखे आहे. कितीही शिकविलेला असला, तरी हा नियम मोडू नये. मोकळे धावण्यासाठी चारही बाजूंनी बंद जागा हवी आणि कुंपण किमान सहा फुटांचे हवे. पाच फुटांची भिंत तरुण कारवान सहज ओलांडतो.

पट्ट्याची बाबही येथेच सांगितली पाहिजे. या कुत्र्याची मान डोक्यापेक्षा फारशी बारीक नसते. त्यामुळे बाजारात मिळणारा साधा गळपट्टा तो मागे सरकून, मान काढून क्षणात सोडवून घेतो. रुंद आणि ओढल्यावर मर्यादेपर्यंतच आवळणारा पट्टा किंवा छातीवरून नीट बसणारा हार्नेस वापरावा.

याचा अर्थ असा नव्हे, की तो दिवसभर धुमाकूळ घालतो. वेगाने धावणारा हा प्राणी अल्पकाळ धावतो आणि दीर्घकाळ झोपतो. सकाळ-संध्याकाळ पाऊण ते एक तास चालणे आणि आठवड्यातून तीन-चार वेळा बंद जागेत मनमुराद धाव मिळाली, तर उरलेल्या वेळी घरात कुत्रा आहे की नाही अशी शंका यावी इतका तो शांत असतो. त्यामुळे सदनिकेत कारवान पाळताच येत नाही, हे म्हणणे खरे नाही. धाव नसेल, तर मात्र बंगल्याचे मोठे आवारही त्याला पुरत नाही, कारण एकटा सोडलेला कुत्रा आवारात व्यायाम करीत नाही, फाटकापाशी बसून राहतो.

मोटारसायकलला दोर बांधून कुत्र्याला पळविण्याची पद्धत खेड्यांत आणि आता शहरांच्या सीमेवरही दिसते. ती घातक आहे. वर्षभराच्या आतील कुत्र्याची हाडे व सांधे पक्के झालेले नसतात, आणि मोठा कुत्राही वाहनाच्या गतीशी जुळवून घेताना दमल्याचे सांगू शकत नाही. उन्हाळ्यात तर डांबरी रस्त्यावर तळवे भाजतात. या दिवसांत फिरणे सूर्योदयापूर्वी आणि अंधार पडल्यावर उरकावे.

स्वभाव आणि घरातील माणसे

अनोळखी माणसाने अंगाला हात लावणे कारवानला आवडत नाही. शेपूट हलवीत पाहुण्यांच्या अंगावर जाणारा हा कुत्रा नव्हे. तो आधी लांबून पाहतो, ठरवतो, आणि मग जवळ येतो किंवा येतही नाही. घरच्या माणसांशी, त्यातही एखाद्या व्यक्तीशी, त्याचे नाते फार घट्ट असते. हे अलिप्तपण ज्यांना उद्धटपणा वाटते, त्यांनी दुसरी जात निवडावी. प्रस्तुत लेखकाला मात्र त्यात एक प्रकारची खानदानी अदब वाटते.

रात्री तो सावध असतो आणि परका आला की भुंकतो. यापलीकडे त्याच्याकडून अंगावर धावून जाण्याची राखण अपेक्षित धरू नये, आणि तसे शिकवूही नये. भिण्याची प्रवृत्ती असलेल्या कुत्र्याला आक्रमक बनविले, तर पहिला चावा बहुधा ओळखीच्याच माणसाला बसतो.

पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस स्वभावाच्या दृष्टीने निर्णायक असतात. गोठ्यात किंवा शेडमध्ये माणसांपासून दूर वाढलेले पिल्लू शहरात आले, की लिफ्ट, कुकरची शिट्टी, फटाके, लहान मुलांची आरडाओरड या सर्वांना बिचकते. या काळात त्याला कडेवर घेऊन का होईना, हे सारे हळूहळू दाखवावे. पण मारू नये. अल्सेशियन एखादा फटका विसरेल; कारवान विसरत नाही. मारलेला कारवान शिकत नाही, तो फक्त जवळ यायचे थांबतो. आवडता खाऊ, छोटे पाठ आणि रोजची ठरलेली वेळ एवढ्यावर तो 'ये', 'बस', 'थांब' व्यवस्थित शिकतो.

मुलांबरोबर वाढलेला कारवान मुलांशी सौम्य असतो. तरीही पाच-सहा वर्षांखालील मूल व कुत्रा यांना एकटे सोडू नये, आणि झोपलेल्या किंवा खाणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हे मुलांना शिकवावे. घरात आधीपासून मांजर असेल, तर दोन महिन्यांचे पिल्लू आणून दोघांना एकत्र वाढविता येते. परंतु हा सलोखा घरच्या मांजरापुरताच असतो, शेजारच्या नव्हे.

आहार आणि प्रकृती

"कुत्र्याला खायला घालत नाही का?" हा प्रश्न कारवानच्या मालकाला रस्त्यात हमखास ऐकावा लागतो. निरोगी कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे दिसतातच. लोकलज्जेस्तव त्याला लठ्ठ करणे हे त्याच्या सांध्यांवर अन्याय करणे होय. प्रौढ नराची उंची खांद्यापाशी साधारण ६५ ते ७२ सेंटिमीटर असूनही वजन बहुधा २० ते २८ किलोंच्या दरम्यान राहते. मादी थोडी लहान असते.

गावाकडे त्याला ज्वारी-मक्याची भाकरी किंवा कण्या, दूध आणि जमेल तेव्हा अंडे मिळते. त्यावर तो जगतो, परंतु वाढत्या पिल्लाला त्यातून पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. अंडी, कोंबडीचे किंवा अन्य मांस अथवा चांगल्या प्रतीचे तयार खाद्य आहारात हवे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट कुत्र्यांना विषारी ठरतात. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. म्हणून एकदम भरपेट न घालता दिवसातून दोनदा विभागून द्यावे, आणि खाण्याच्या आगेमागे तासभर धावू देऊ नये. पोट एकाएकी ताठ झाले, उलटी येत नसून कुत्रा उबळ काढू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. ही तासांची लढाई असते.

लसीकरणाची सुरुवात सहा ते आठ आठवड्यांच्या वयात होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढील मात्रा दिल्या जातात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास व त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्यावी. गोचिडांकडे दुर्लक्ष करू नये. आपल्याकडील कितीतरी चांगले कुत्रे गोचीडतापाने दगावतात, आणि तोकड्या केसांच्या कारवानवर गोचीड शोधणे तुलनेने सोपे आहे.

शस्त्रक्रियेची वेळ आली, तर एक गोष्ट पशुवैद्यकांना आवर्जून सांगावी. अंगात चरबी अत्यल्प असल्याने या गटातील कुत्र्यांना जुन्या प्रकारची काही भूल, विशेषतः थायोपेंटॉन, फार काळ चढून राहते. त्याऐवजी दुसरी औषधे उपलब्ध आहेत. साध्या नसबंदीच्या वेळीही हे बोलून घ्यावे. चरबी नसल्यामुळेच थंडीत त्याला अंगावर काहीतरी घालावे लागते आणि उघड्या फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. जाड गोधडी पुरते.

पिल्लू घेताना

किंमत काही हजारांपासून सुरू होते आणि 'शर्यतीची औलाद' म्हटले की वाढत जाते. येथेच सावध असावे. वेगासाठी ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्ले कारवान म्हणून सर्रास विकली जातात. शक्य असेल, तर आई-बाप दोन्ही प्रत्यक्ष पाहावेत. आई माणसाला भिऊन कोपऱ्यात दडत असेल, तर पिल्लू घेऊ नये. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटक पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र असून, तेथे या जातीचे संवर्धन केले जाते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. गावच्या बाजारात यातील किती पाळले जाते, हे वेगळे सांगायला नको.

पिल्लू आणल्यावर पुणे, मुंबईसारख्या शहरांत महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला लागतो. दोन कायदे मात्र प्रत्येक मालकाला ठाऊक हवेत. 'फिरायला' म्हणून माळावर नेऊन सशामागे कुत्रा सोडणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये शिकारीचा गुन्हा आहे, ससा हाती लागो वा न लागो. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार सदोदित साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हीदेखील क्रूरताच ठरते.

कारवान साधारण बारा वर्षे जगतो, काही पंधराही गाठतात. घरात कोणी रोज पहाटे उठून पुढील बारा वर्षे त्याला नेणार आहे काय, याचे उत्तर पिल्लू पाहायला जाण्याच्या आधी घरातच ठरवावे. पिल्लू पाहिल्यानंतर ते प्रामाणिकपणे देणे कठीण असते.