वक्फ : इंग्रजीत न मावलेला शब्द

कुरआन पठणात जिथे थांबून श्वास घ्यायचा, त्या थांब्याला वक्फ म्हणतात. मक्तबात आपण हा शब्द प्रथम ऐकतो. पुढे तोच शब्द जमीनजुमल्यात भेटतो. तिथेही मूळ अर्थ थांबवणे हाच. मालमत्ता थांबवायची, ती विकायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न मात्र वाहते ठेवायचे. हजरत उमर यांनी खैबरची जमीन पैगंबरांच्या सल्ल्याने अशीच राखली. तिच्या उत्पन्नात गोरगरीब आणि वाटसरूंबरोबर आप्तांचाही वाटा होता. आप्तांना देणे हाही सदकाच, अशी आपली धारणा.

इंग्रजी न्यायालयांकडे याला शब्द नव्हता. त्यांनी 'ट्रस्ट' आणि 'चॅरिटी' हे जवळचे शब्द घेतले, आणि तिथेच घोळ झाला. चॅरिटी लोकांसाठी असते. मग मुलानातवंडांसाठी केलेला वक्फ धर्मादाय कसा? न्या. अमीर अली यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात याविरुद्ध भिन्न मत नोंदवले, पण ते एकटे पडले. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने बंगालमधील दोन भावांचा असा वक्फ रद्द ठरवला. वंश खुंटल्यावर गरिबांना मिळणारा वाटा निव्वळ देखावा आहे, असे लॉर्ड हॉबहाऊस यांना वाटले. हे गृहस्थ पूर्वी इंग्लंडात धर्मादाय आयुक्त होते. मृतांच्या इच्छेने मालमत्ता कायम बांधून ठेवण्याविरुद्ध त्यांचे पुस्तकही १८८० साली निघाले होते. तिकडच्या वादाचे माप इकडच्या शब्दाला लागले.

अशा वक्फांच्या आडून मुलींचे हिस्से बुडवले गेले, सावकार चुकवले गेले, हे आपण लपवू नये. पण माणसांच्या लबाडीची शिक्षा शब्दाला झाली.

मुंबई इलाख्यातील मुसलमानांनी निवडून दिलेले बॅ. जिना यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. १९१३ साली त्याचा कायदा झाला आणि कौटुंबिक वक्फ पुन्हा ग्राह्य ठरला. १९१३ पूर्वीच्या वक्फांना मात्र १९३० च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. इंग्रजी कायद्याच्या नावातही शब्द राहिला तो 'वक्फ' हाच.

या कथेचा एक धागा मठापर्यंत जातो. अमीर अली पुढे प्रिव्ही कौन्सिलवर गेले. १९२१ साली मद्रास इलाख्यातील एका हिंदू मठाच्या खटल्यात त्यांनी निकाल दिला : मठाधिपती इंग्रजी अर्थाने ट्रस्टी नव्हे, आणि मुतवल्लीही नव्हे. दोघेही मालक नाहीत, केवळ सांभाळणारे. मठ आणि वक्फ, दोघांनाही इंग्रजीत शब्द नव्हता. एका निकालाने दोघांचा अर्थ राखला.

वक्फवर आज पुन्हा वाद चालू आहेत. त्यात बोलण्यापूर्वी आपण आपल्यालाच विचारावे : शब्द आपण राखला, पण थांबवलेल्या मालमत्तेचे उत्पन्न खरोखर गरिबांपर्यंत वाहते आहे का?