उपनगर कोण निवडतं? लोकल, शाळा आणि एक गोंधळात टाकणारा क्रम

नोकरी मुंबईत, पण घर कुठे घ्यायचं? हा प्रश्न घरोघरी चर्चेत असतो. लोकलला किती वेळ लागतो, शाळा कशी आहे, पाणी किती वेळ येतं, हप्ता झेपेल का. संशोधकासाठी तोच प्रश्न जरा वेगळा होतो: शंभर वर्षांपूर्वी मध्यमवर्गीय कुटुंबांनी उपनगर निवडलं, तेव्हा त्यांनी नेमकं काय मोजलं?

सोपं उत्तर तयारच असतं: रेल्वे आली, म्हणून उपनगरं वाढली. हे उत्तर तपासायला फक्त तारखा पुरतात. बोरीबंदर–ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उघडकीला आला आणि गर्दीच्या वस्त्यांची भीती बसली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर–माटुंगा आणि शीव–माटुंगा योजनांत रस्ते आखले गेले, भूखंड पाडले गेले. म्हणजे रेल्वे होती, जमीन होती, साथीची भीतीही होती. तरी हा भाग खऱ्या अर्थाने भरला तो १९२० आणि १९३० च्या दशकांत. मधली वीसेक वर्षं 'रेल्वे आली' या उत्तरात बसत नाहीत.

निखिल राव यांचं 'हाउस, बट नो गार्डन' हे पुस्तक इथे उपयोगी पडतं. त्यांचं लक्ष रुळांपेक्षा घराच्या आराखड्यावर जास्त आहे. चाळीतलं सामायिक शौचालय सोडून घरातच संडास-न्हाणी असलेला फ्लॅट मध्यमवर्गाने स्वीकारला, हा त्यांच्या मांडणीतला महत्त्वाचा धागा. आज किरकोळ वाटणारी ही गोष्ट तेव्हा सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांना धक्का देणारी होती. दादर-माटुंग्याला राहायला जाणं म्हणजे पत्ता बदलणं, आणि त्याबरोबर राहण्याची रीतही बदलणं.

आता पश्चिमेकडे, पार्ल्याला जाऊ. इथला क्रम बघा. पार्ले टिळक विद्यालय १९२१, लोकमान्य सेवा संघ १९२३, आणि कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल जानेवारी १९२८. शाळा आधी, विजेची गाडी नंतर. वाफेच्या गाड्या होत्याच, त्यामुळे रेल्वेचं महत्त्व शून्य होत नाही. पण 'वेगवान लोकलने मध्यमवर्ग आणला आणि मग त्याने शाळा काढली' ही गोष्ट या तारखांपुढे टिकत नाही. पु. ल. देशपांडे यांचं बालपण आधी जोगेश्वरीत आणि मग पार्ल्यात गेलं, शिक्षण पार्ले टिळकमध्ये झालं. एका कुटुंबावरून कारण सिद्ध होत नाही, पण चांगला प्रश्न मात्र मिळतो: अशी किती घरं शाळेच्या दिशेने सरकली?

माझं मूळ शिक्षण विज्ञानाचं, त्यामुळे हात आपोआप मॉडेलकडे जातो. याकोव्ह झहावी आणि नंतर चेझारे मार्केट्टी यांनी मांडलं की माणूस रोज सरासरी तासाभराच्या आसपास प्रवास करतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, शहर पसरतं. हे डोंबिवलीला लावून बघा. सीएसएमटीपासून अंतर अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या आसपास. एकेरी प्रवासच तासाहून जास्त. मॉडेल चुकलं का? तसं लगेच म्हणता येत नाही, कारण सरासरी सगळ्यांची असते आणि आपण मोजतोय फक्त पास काढणाऱ्याला. एक माणूस रोज तीन तास खर्च करतो आणि त्या बदल्यात बाकीच्यांची शाळा, बाजार, देऊळ पायी अंतरावर येतं. एकक प्रवासी धरलं तर निर्णय वेडेपणाचा वाटतो, कुटुंब धरलं तर हिशोब लागतो. अर्थात या हिशोबात कोणीतरी दिवसभर घरी आहे, हे गृहीत धरलेलं असतं. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर महिला विशेष लोकल सुरू झाली, तोवर ते गृहीतक कित्येक घरांत मोडलं होतं.

सगळ्यात अवघड भाग पुढेच आहे. 'निवड' म्हणताना पर्याय किती जणांपुढे होते? गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ची, दादरला पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी. नावंच सांगतात की दार सगळ्यांसाठी उघडं नव्हतं. आज आपण ज्याला 'फॅमिलीसाठी चांगला एरिया' म्हणतो, त्यातला किती भाग बागेचा आणि किती भाग 'आपली माणसं' असण्याचा, हे वेगळं काढावंच लागतं. गिरणगावातल्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहून पायी गिरणीत जाणाऱ्या कामगारापुढे हा प्रश्न या रूपात आलाच नाही. आठवणी, आत्मचरित्रं, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका हे सगळं साहित्य ज्यांना निवडता आलं त्यांनी लिहिलंय. फक्त त्यावर विसंबलो तर नमुनाच एकतर्फी होतो.

तुम्ही असा विषय घेणार असाल तर तीन कामं आधी करा. तारखांचा तक्ता बनवा आणि कारण खरंच परिणामाच्या आधी येतंय का ते बघा. एकक ठरवा: प्रवासी, कुटुंब की वस्ती. आणि शाळांची जुनी प्रवेशपुस्तकं, संस्थांचे सभासदत्वाचे नियम, रेल्वेची वेळापत्रकं शेजारी ठेवून वाचा. प्रवेशपुस्तकात मुलाचं नाव आणि आधीची शाळा सापडते. घर कुठून कुठे हललं, हे त्या एका ओळीवरून कळू शकतं. संस्थेच्या नियमांतून मात्र कोणाला येऊ दिलं नाही तेही कळतं.