हाताचा रोग की हातोटीचा?

भरली घागर सहज उचलणारा एखादा हात लेखणी धरताच आखडतो, बोटे वाकडी होतात, अक्षर मोडते. लेखणी खाली ठेवली की हात पुन्हा पूर्ववत! अशा माणसास आजारी म्हणावे की कामचुकार? हा प्रश्न फार जुना आहे.

श्रमिकांच्या रोगांवर ग्रंथ लिहिणाऱ्या इटालियन वैद्य रामाझिनीने १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांचा विचार केला आहे. त्याच्या परिचयातील एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा अभ्यास केला. थोड्याच काळात तोही हात त्याच वाटेने गेला.

पुढे तारायंत्र आले आणि तारमास्तरांनाही हा विकार जडला. ब्रिटनमध्ये १९०८ साली त्याची गणना भरपाईयोग्य व्यवसायरोगांत झाली. तथापि १९११ च्या चौकशी समितीने अतिश्रमाबरोबर कामगाराच्या दुर्बल मज्जाप्रकृतीकडेही बोट दाखविले. मग दोष मनावर ढकलण्याचीच रीत पडली.

१९८२ साली लंडनच्या शीही व मार्सडेन यांनी रुग्ण तपासून दाखविले की, त्यांच्यात मनोविकार इतरांहून अधिक नाहीत. बिघाड आहे तो मेंदूच्या हालचाल-नियंत्रणात. १९९६ साली अमेरिकेत बिल, मर्झेनिक प्रभृतींनी माकडांकडून मुठीची एकच जलद क्रिया अतोनात करवून घेतली, तेव्हा मेंदूत प्रत्येक बोटाची जी वेगळी जागा असते, त्या जागा एकमेकींत मिसळून गेल्या.

इथे उपचाराची दिशाच पालटते. बिघाड स्नायूत नसून शिकलेल्या हातोटीत असेल, तर ‘आणखी गिरव’ हा उपदेश घातकच. बोटांना पुन्हा वेगळेपणा शिकवावा लागतो. त्यासाठी जर्मनीत वादकांच्या काही बोटांना पट्ट्या बांधून उरलेल्यांकडून संथ सराव करविला गेला. कोठे अंधांची ब्रेल लिपी बोटांनी वाचावयास शिकविली गेली. आखडणाऱ्या स्नायूंत बोट्युलिनम विष अल्प मात्रेत टोचण्याचाही उपयोग होतो. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६४ च्या सुमारास दगा देऊ लागला. सुमारे तीस वर्षांनी, याच औषधाच्या साहाय्याने, ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. पूर्ण बरे मात्र झाले नाहीत.

यश सर्वांना सारखे येत नाही, हे खरे. परंतु ज्याने कौशल्यासाठी आयुष्य झिजविले, त्याच्यावर आळसाचा वा दुबळेपणाचा ठपका ठेवण्यास शास्त्राचा आधार उरलेला नाही. त्याला हवा असतो तो धीराचा शिक्षक, कानउघाडणी करणारा वरिष्ठ नव्हे.