घरतापन-काल, इटलीतील

घरतापन-काल : हिवाळ्यात राहते घर उबदार ठेवण्यासाठी तापनयंत्रणा वर्षातील किती दिवस आणि दिवसातील किती तास चालवायची, याची मुदत. बहुतेक देशांत ती हवामान, सवय आणि खिसा यांवर सोडलेली असते. इटलीत ती कायद्याने ठरते. तेथील प्रत्येक नगरपालिका-क्षेत्र हवामानानुसार सहांपैकी एका विभागात मोडते आणि त्या विभागाच्या तारखांमध्ये, नेमून दिलेल्या तासांपुरताच बॉयलर चालवता येतो. इटालियन लोक रोजच्या बोलण्यात याला ‘तेर्मोसिफोनी पेटवणे’ म्हणतात. तेर्मोसिफोनी म्हणजे भिंतीला बसवलेले, आतून गरम पाणी फिरणारे रेडिएटर. ते यंदा कधी पेटणार, हा तेथे दर शरद ऋतूत घरोघरी निघणारा विषय आहे.

पार्श्वभूमी : या नियमांचे मूळ १९७३ च्या तेलसंकटात आहे. त्या वर्षीच्या अरब-इझ्राएल युद्धानंतर तेलाचा पुरवठा आखडला आणि भाव कडाडले. स्वतःचे इंधन फारसे नसलेल्या इटलीला याचा जबर फटका बसला. २ डिसेंबर १९७३ पासून तेथे रविवारी खाजगी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी झाली. तेल केवळ मोटारींतच नव्हे, तर घरांच्या बॉयलरमध्येही जळते. ३० एप्रिल १९७६ च्या ३७३ क्रमांकाच्या कायद्याने इमारतींच्या तापनासाठी लागणाऱ्या ऊर्जेवर पहिल्यांदा बंधने घातली. पुढे ९ जानेवारी १९९१ चा १० क्रमांकाचा कायदा आला. त्याच्या अंमलबजावणीसाठी २६ ऑगस्ट १९९३ रोजी राष्ट्राध्यक्षांचा ४१२ क्रमांकाचा अध्यादेश निघाला. आजची विभागणी, तारखा आणि तास यांचा पाया हाच अध्यादेश. १६ एप्रिल २०१३ च्या ७४ क्रमांकाच्या अध्यादेशाने हे नियम नव्याने मांडले.

अंश-दिन : गावाचा विभाग ‘अंश-दिन’ या मापाने ठरतो. घरात २०° से. तापमान हवे असे धरून, दिवसाचे बाहेरचे सरासरी तापमान त्याच्या जितके अंश खाली असेल, तितके त्या दिवसाचे अंश-दिन. बाहेर सरासरी ८° से. असेल, तर त्या दिवसाचे १२. तापनाच्या हंगामातील अशा सर्व दिवसांची बेरीज म्हणजे त्या गावाच्या थंडीचे माप. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या लांपेदूझा बेटाचे अंश-दिन ५६८, पालेर्मोचे ७५१, नापोलीचे १,०३४, रोमचे १,४१५ आणि मिलानचे २,४०४ आहेत. ‘डी’ विभाग १,४०१ पासून सुरू होतो. म्हणजे रोम जेमतेम १५ अंश-दिनांनी त्यात बसले आहे, आणि तेवढ्यावर रोमकरांना रोजचे दोन तास अधिक मिळतात.

विभागवार मुदत : साधारण परिस्थितीत लागू असलेली मुदत अशी :

ए (६०० अंश-दिनांपर्यंत) : १ डिसेंबर ते १५ मार्च, रोज ६ तास. उदा., लांपेदूझा.
बी (६०१ ते ९००) : १ डिसेंबर ते ३१ मार्च, रोज ८ तास. उदा., पालेर्मो, कातानिया.
सी (९०१ ते १,४००) : १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च, रोज १० तास. उदा., नापोली, बारी.
डी (१,४०१ ते २,१००) : १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रोज १२ तास. उदा., रोम, फ्लॉरेन्स.
ई (२,१०१ ते ३,०००) : १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, रोज १४ तास. उदा., मिलान, तोरिनो, बोलोन्या.
एफ (३,००० च्या वर) : मर्यादा नाही. आल्प्समधील व त्याच्या पायथ्याची गावे, उदा., कूनेओ.

गुणाकार केला की एकाच देशातील अंतर दिसते. लांपेदूझात हंगामभरात जास्तीत जास्त ६३० तास तापन चालू शकते. रोममध्ये सुमारे २,००० तास, तर मिलानमध्ये सुमारे २,५६०.

दिवसाची वाटणी : ‘ए’ ते ‘ई’ या विभागांत नेमलेले तास पहाटे ५ ते रात्री ११ या वेळातच वापरता येतात. ते सलग घ्यावेत असे नाही. दोन किंवा अधिक हप्त्यांत विभागता येतात. त्यामुळे पहाटे काही तास, दुपारी खंड आणि संध्याकाळपासून झोपेपर्यंत पुन्हा, अशी वाटणी करता येते. घरातील हवेचे तापमान २०° से. धरले असून त्यावर २ अंशांची सूट आहे. ठरलेल्या तारखांच्या बाहेर अवेळी थंडी पडली तर तापन करता येते, पण नेहमीच्या तासांच्या निम्म्यापर्यंतच. स्थानिक परिस्थिती पाहून मुदत वाढवण्याचा किंवा घटवण्याचा अधिकार महापौराला आहे. ऑक्टोबर उबदार गेला की उत्तरेकडील शहरांत तापनाचा आरंभ पुढे ढकलणारे आदेश याच अधिकाराखाली निघतात.

अपवाद : रुग्णालये, दवाखाने, वृद्धांची व मुलांची निवासगृहे, बालवाड्या आणि परदेशी वकिलाती यांना तासांचे बंधन नाही. काही यंत्रणांनाही तांत्रिक कारणांवरून सवलत आहे. जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवून केलेले तापन संथ असते. सगळी लादी तापायला तास लागतात, म्हणून ते दिवसातून दोनदा बंद-चालू करण्यात अर्थ नसतो. ज्या सामायिक बॉयलरला दोन पातळ्यांवर चालणारे नियंत्रण आहे, तो दिवसभर चालू ठेवता येतो. मात्र नेमलेल्या तासांबाहेर घरातील तापमान १६° से. च्या आसपासच राहील, अशी सोय करावी लागते.

सामायिक बॉयलर आणि बिल : हा नियम समजण्यासाठी इटालियन शहरांतील राहणी पाहावी लागते. तेथे कुटुंबांची मोठी संख्या बहुमजली इमारतींत राहते. इमारतीची ‘कोन्दोमिनिओ’ ही सामायिक मालकीची व्यवस्था असते आणि तिचा कारभार नेमलेला प्रशासक पाहतो. अनेक जुन्या इमारतींत तळघरातला एकच बॉयलर सर्व मजल्यांना गरम पाणी पुरवतो. तो किती वाजता पेटायचा हे एका घराने ठरवून चालत नाही. आपल्याकडे सोसायटीच्या फलकावर पाण्याच्या वेळा लिहितात, तसा तेथे वर्षाचा कालावधी, रोजच्या वेळा आणि जबाबदार व्यक्तीचे नाव-पत्ता असलेला तक्ता बॉयलरपाशी लावणे बंधनकारक आहे. देखभालीत कसूर करणाऱ्या मालकाला किंवा प्रशासकाला ५०० ते ३,००० युरो दंड होऊ शकतो. ज्यांच्या घरात स्वतंत्र बॉयलर आहे, त्यांनाही तापनाचे नियम लागू आहेत. परंतु बंद दारामागचा थर्मोस्टॅट तपासणे कठीण, म्हणून तेथे नियमाचे पालन बरेचसे नागरिकाच्या सदसद्विवेकावर अवलंबून असते.

पूर्वी सामायिक तापनाचा खर्च घराच्या आकारमानानुसार वाटला जाई. दुपारी खिडक्या उघड्या टाकणाऱ्याला आणि रेडिएटर बंद ठेवणाऱ्याला सारखेच बिल येई. ४ जुलै २०१४ च्या १०२ क्रमांकाच्या अध्यादेशाने प्रत्येक घराची उष्णता मोजणे बंधनकारक केले. त्याची मुदत आधी ३१ डिसेंबर २०१६ होती, ती ३० जून २०१७ पर्यंत वाढवण्यात आली. त्यानंतर रेडिएटरवर उष्णता-नियंत्रक झडपा आणि मोजणीची छोटी उपकरणे आली. २०२० च्या दुरुस्तीनंतर खर्चाचा किमान ५० टक्के भाग प्रत्यक्ष वापरानुसार वाटला जातो.

२०२२-२३ चा हिवाळा : २०२१ मध्ये इटलीच्या नैसर्गिक वायूपैकी सुमारे ४० टक्के वायू रशियातून येत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर हा पुरवठा बेभरवशाचा झाला आणि भाव भडकले. त्या वेळचे पर्यावरणीय संक्रमण मंत्री रोबेर्तो चिंगोलानी यांनी ६ ऑक्टोबर २०२२ रोजी काढलेल्या आदेशाने त्या हिवाळ्यापुरती तीन प्रकारची कपात केली : तापमानात १ अंश, रोजच्या मुदतीत १ तास आणि हंगामात १५ दिवस. आरंभ सुमारे आठवडाभर उशिरा, शेवट सुमारे आठवडाभर आधी. मिलानमध्ये हंगाम २२ ऑक्टोबर ते ७ एप्रिल झाला आणि रोजची मर्यादा १३ तास. कमाल तास सुमारे २,५६० वरून सुमारे २,१८० वर आले. म्हणजे १५ टक्क्यांच्या जवळपास घट. ‘एफ’ विभाग, रुग्णालये आणि प्रामुख्याने नवीकरणीय ऊर्जेवर चालणाऱ्या यंत्रणा यांना यातून सूट होती.

हवेचा प्रश्न : तास मोजण्यामागे इंधनाइतकेच हवेचेही कारण आहे. मिलान, तोरिनो, बोलोन्या ही शहरे पो नदीच्या खोऱ्यात वसली आहेत. उत्तर-पश्चिमेला आल्प्स आणि दक्षिणेला अॅपेनाइन पर्वतरांगा असल्याने हिवाळ्यात वारा पडतो आणि धूर खोऱ्यातच कोंडतो. घरांतील तापन, विशेषतः लाकूड व लाकडी गोळ्या जाळणाऱ्या चुली, हा सूक्ष्म धूलिकणांचा एक मोठा उगम आहे. धूलिकणांची मर्यादा वर्षानुवर्षे ओलांडल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने १० नोव्हेंबर २०२० रोजी इटलीला दोषी ठरवले.

इतर देश : रशियात बाहेरचे सरासरी तापमान सलग पाच दिवस ८° से. च्या खाली राहिले की शहराचे केंद्रीय तापन सुरू होते. बीजिंगमध्ये ते साधारणतः १५ नोव्हेंबर ते १५ मार्च चालते. फ्रान्सच्या नियमांत तास नाहीत, पण घरातील तापमान १९° से. धरलेले आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीर मर्यादा नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बॉयलर लावण्याची पद्धत रूढ आहे. तेथील घरांचे ऊर्जामूल्यांकन करताना दीर्घकाळ कामाच्या दिवशी ९ तास आणि शनिवार-रविवारी १६ तास तापन गृहीत धरले जाई.

मूल्यमापन : घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. म्हणून बॉयलर बंद असताना घर जितके निवते, तितकी गळती कमी होते आणि तास घटवले की इंधन वाचते. मात्र हे सूत्र सगळ्या घरांना सारखे लागत नाही. पातळ भिंतींचे घर तासाभरात थंड होते, तर नीट उष्णतारोधन केलेले घर सकाळची ऊब संध्याकाळपर्यंत धरून ठेवते. इटलीतील निम्म्याहून अधिक घरे १९७६ च्या कायद्याच्या आधी बांधलेली आहेत. बॉयलरऐवजी बसवला जाणारा उष्णता-पंप तर कमी तापमानाच्या पाण्यावर दीर्घकाळ चालवला तरच उत्तम काम करतो; म्हणजे तासांची मर्यादा ही मुळात बॉयलरच्या जमान्याची व्यवस्था आहे.

माणसांचाही फरक आहे. दिवसभर कामावर असणाऱ्या जोडप्याला १२ तास पुरून उरतात. दिवसभर घरात बसून असलेल्या, हालचाल मंदावलेल्या वृद्धाला तेच तास अपुरे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवामानातील घरांसाठी १८° से. हे सुरक्षित किमान तापमान सांगितले आणि वृद्ध, लहान मुले व आजारी यांच्यासाठी त्याहून अधिक तापमान लागू शकते, असेही नोंदवले. त्यामुळे घरतापन-कालाची चर्चा केवळ तासांवर थांबणे योग्य नाही. ऊब ही थंड प्रदेशात अन्न-पाण्याइतकीच गरज आहे. ती सर्वांना पुरावी म्हणून वाटून घेणे रास्त आहे. इटलीच्या नियमाचे मोल त्यात आहे : एक तास कमी करायचा, तर तो मिलानच्या हवेलीतही कमी होतो आणि चाळवजा इमारतीतही. उणीव एवढीच, की कायदा बॉयलर किती वेळ चालला हे मोजतो, घरात ऊब किती वेळ टिकली हे मोजत नाही. हवेलीच्या जाड भिंती तो तास सोसतात, पातळ भिंतींच्या घरात तो तास तिथल्या माणसाला सोसावा लागतो. म्हणून तास कमी करण्याआधी भिंती आणि खिडक्या सुधारण्यावर खर्च होणे, हाच या नियमाचा न्याय्य पुढचा टप्पा आहे.